नमुना सोळा

सातबारा म्हणजे काय, हे महाराष्ट्रात कोणाला सांगावे लागत नाही. मुलीचा बाप स्थळ पाहायला गेला की मुलाच्या पगाराइतकीच त्याची चौकशी करतो. बँकेचा साहेब कर्जाच्या अर्जाआधी तो मागतो, आणि भावाभावांचे बोलणे बंद होते तेही बहुधा त्याच्यावरूनच. पण वाचकहो, गावदप्तरात सात आणि बारा एवढेच नमुने असतात असे नव्हे. एकपासून एकवीसपर्यंत त्यांची रांग आहे. सहात फेरफार, आठ-अ मध्ये एकेका खातेदाराची सगळी जमीन, चौदात पाण्याची साधने, आणि विसात तर पोस्टाच्या तिकिटांचा हिशेब! ह्या रांगेत शेवटून सहाव्या जागी सोळा नंबरचा नमुना बसलेला आहे. त्याची नक्कल मागायला आजवर कोणी चावडीवर गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही. त्यात असते काय? माहितीपुस्तके, शासकीय आदेश आणि नव्या नियमावल्या ह्यांची नोंद.

म्हणजे दुसऱ्यांच्या जमिनीचा हिशेब लिहिणाऱ्याने आपले स्वतःचे ज्ञान कोणत्या तारखेपर्यंतचे आहे, ते लिहून ठेवायची ही वही. मुंबई इलाख्यात इंग्रजी अमदानीत अँडरसन नावाच्या अधिकाऱ्याने गावहिशेबाची एक पुस्तिका तयार केली. नमुन्यांची ही रांग त्या पुस्तिकेच्या घराण्यातली; जुनी महसुली मंडळी तिला अजून 'अँडरसन मॅन्युअल' असेच म्हणतात. साहेब मोठा व्यवहारी असला पाहिजे. हिशेबाच्या वह्यांबरोबरच हिशेब शिकवणाऱ्या पुस्तकांचीही वही हवी, हे त्या खात्याला तेव्हाच सुचले होते.

ह्या दिवाळीला सोळा नंबरची आठवण होण्याचे कारण म्हणजे चावडीवर आलेली नवी मंडळी. २०२३ साली राज्यभर तलाठी भरतीची परीक्षा झाली. जागा चार हजारांच्या वर होत्या. निवड झालेली पदवीधर मुले-मुली पुढे आपापल्या सजांवर रुजू झाली. दरम्यान सरकारने त्यांचे नावही बदलून 'ग्राम महसूल अधिकारी' असे केले; पण गाव तलाठीच म्हणते, आणि ह्या लेखात मीही तेच म्हणणार आहे. ह्यांपैकी जे नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत आले, त्यांच्या हाती शिकण्यासाठी काय पडले, हा माझा आजचा विषय.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. निजामाच्या राज्यात पटवारीपण घराण्यात चाले. पोरगा मिसरूड फुटण्याआधीच बापाशेजारी बसून रुमाल सोडायला आणि बांधायला शिके. कोणता सर्व्हे नंबर कोणाचा, कोणता बांध कधी सरकला, कोणाची वहिवाट कागदावर नाही पण शेतात आहे, हे सारे त्याला तोंडपाठ. पुस्तक नव्हते, बाप हेच पुस्तक. त्यात खोट एवढीच, की हे पुस्तक दुसऱ्या कोणाला वाचता येत नसे आणि त्याची दुरुस्ती करण्याची कोणाची छाती नसे. दप्तर घरात, किल्ली कमरेला. वतने गेली ते चांगलेच झाले, ह्याबद्दल माझे दुमत नाही. मात्र ज्या दिवशी तलाठी हा बदलीवर जाणारा नोकर झाला, त्या दिवसापासून नव्या माणसाला शिकवण्यासाठी कागद लागू लागला. आणि कागद म्हटला की तो शिळा होणार.

मराठवाड्यात तर तो इतरांपेक्षा लवकर शिळा होतो. कारण ह्या मुलखाने शंभर वर्षांत जितकी राज्ये, भाषा आणि मापे बदलली तितकी थोड्यांनी बदलली असतील. हैदराबादचा जमीन महसूल कायदा १३१७ फसलीचा, म्हणजे आपल्या १९०७-०८ चा. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान संपले. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. पण महसुलाचा कायदा मात्र जुनाच चालू राहिला, तो थेट १५ ऑगस्ट १९६७ पर्यंत. त्या दिवशी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ अंमलात आला. म्हणजे जवळजवळ अकरा वर्षे वरचे राज्य एक आणि खालचा कायदा दुसऱ्याच राज्याचा. तहसिलातला कागद उर्दूत, गावातला मराठीत, आणि तोही पुष्कळदा मोडीत. रुपया हाली, जो सात मोजावे तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानातले सहा कलदार होत. पुढे एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर झाले, आणेवारीची पैसेवारी झाली.

जिल्ह्यांच्या सीमा तर विचारूच नका. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. तिथून ते उस्मानाबादेत आले, आणि १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर जिल्हा झाला तेव्हा लातुरात. बीदर आज कर्नाटकात आहे. किनवट आदिलाबादेतून नांदेडात आले, त्याच वेळी मुधोळ-भैंसा नांदेडातून तिकडे गेले आणि आता तेलंगणात आहेत. निलंग्याच्या एखाद्या आजोबांनी जपून ठेवलेल्या पावतीवर 'जिल्हा बीदर' असे असले, तर कागद खोटा ठरत नाही. पण हे नव्या तलाठ्याला कोणी तरी सांगितले पाहिजे ना!

आता एखादा मुलगा नाशिककडचा आहे असे समजा. हुशार आहे, परीक्षेत वरच्या नंबराने आला आहे. कूळकायदा त्याला पाठ आहे: १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन, ३२-ग खाली किंमत ठरते, ३२-म चे प्रमाणपत्र मिळते. त्याची नेमणूक झाली मुखेड तालुक्यात. पहिल्याच महिन्यात एक म्हातारा कापडात गुंडाळलेला कागद घेऊन येतो. त्यावर लिहिले आहे '३८-ई'. आमच्या मुलाच्या पुस्तकात ३८-ई नाही. कसे असेल? ते पुस्तक मुंबईच्या कूळकायद्याचे. मराठवाड्याला लागू आहे तो हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५०. विदर्भाचा तिसराच, १९५८ चा. एका महाराष्ट्रात तीन कूळकायदे आजही नांदत आहेत. म्हाताऱ्याचा बाप 'संरक्षित कूळ' होता आणि त्या एका कलमाने तो मालक झाला. हे ज्याला ठाऊक नाही तो सभ्यपणे म्हणेल, "आजोबा, हा जुना कागद आहे, ह्याचा आता उपयोग नाही." आजोबा कागद पुन्हा गुंडाळतील आणि घरी जातील. त्या वाक्याने काय गेले हे दोघांनाही कळणार नाही.

ह्यावर कोणी म्हणेल, मग नवे पुस्तक छापा आणि जुने रद्दीत घाला. इथेच सारी गफलत आहे. कचेरीत 'अद्ययावत' ह्या शब्दाचा अर्थ 'ताजे तेवढे ठेवणे' असा झाला आहे. स्वयंपाकघरात तो चालेल, जमिनीच्या कामात चालत नाही. जमिनीचा व्यवहार ज्या दिवशी झाला, त्या दिवशीचा नियम त्याला लागतो. म्हणून आज चालू असलेला नियम आणि त्या दिवशी चालू असलेला नियम, दोन्ही हाताशी लागतात, आणि एकाची हद्द कुठे संपते नि दुसऱ्याची कुठे सुरू होते, ती तारीखही लागते.

ताजे नसल्यानेही नुकसान होतेच. त्याचे उदाहरण पाहा. अतिवृष्टीने पीक गेले तर मदत मिळायला पूर्वी निम्मे, म्हणजे ५० टक्के नुकसान दिसावे लागे. २०१५ साली ही अट ३३ टक्क्यांवर आली. कोरडवाहू पिकाचा दर तेव्हा हेक्टरी ६,८०० रुपये होता; २०२२ पासून तो ८,५०० झाला. किती हेक्टरांपर्यंत द्यायचे, हे कधी दोन तर कधी तीन, सरकार त्या त्या वेळी ठरवते. समजा एखाद्याचे दोन हेक्टर सोयाबीन आहे आणि चाळीस टक्के गेले आहे. जुन्या टिपणावर शिकलेला माणूस 'पात्र नाही' म्हणून पुढच्या बांधावर जाईल. नव्या नियमाने त्याच शेतकऱ्याला १७,००० रुपये मिळायचे. २०२५ च्या ऑगस्टात मुखेडकडे पाणी गावांत शिरले, सप्टेंबरात लातूर-नांदेडची शिवारेच्या शिवारे पाण्याखाली गेली. त्या चिखलात पंचनामे लिहीत फिरणाऱ्यांत कितीतरी जण नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातले असणार. त्यांनी त्या वेळी पुस्तक कुठे उघडायचे? जे कानावर पडले असेल तेच हातून उतरते.

दुसरे उदाहरण ह्याहून लहान, पण मला जास्त खटकणारे. कूळकायद्याने मिळालेली जमीन विकायची तर पूर्वी वरिष्ठांची परवानगी लागे. मराठवाड्यात ते कलम ५०-ब. २०१४ च्या दुरुस्तीने सोय झाली, की खरेदीला दहा वर्षे होऊन गेली असतील तर आकाराच्या ४० पट नजराणा भरावा आणि मोकळे व्हावे. आकार पाच रुपये असेल तर भरणा दोनशे रुपये! पण नव्या माणसाला उतरवून दिलेल्या टिपणात 'पूर्वपरवानगी आवश्यक' हे वाक्य तसेच राहिलेले असले, तर दोनशे रुपयांच्या कामासाठी शेतकरी किती वेळा एस. टी. चढेल, त्याचा हिशेब कोणत्या नमुन्यात लिहायचा?

आणि पीकपाहणी! तलाठ्याने शेतावर जाऊन पेरा पाहावा आणि बारा नंबरात लिहावा, हा धडा पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. आता शेतकरी स्वतः मोबाईलवर फोटो काढून पेरा नोंदवतो आणि तलाठ्याचे काम तपासण्याचे झाले. लिहिणारा होता तो तपासनीस झाला. अशा वेळी जुन्या धड्याखाली एक ओळ जोडून भागत नाही. धडाच नव्याने लिहावा लागतो.

मग ही दुरुस्ती सध्या होते कशी? मला दिसले ते सांगतो. कुठल्या कचेरीचे नाव घेण्याचे कारण नाही. परिपत्रके मोबाईलवरच्या गटात येतात. सकाळी एक, दुपारी दोन, आणि मध्ये कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक. ज्याने त्या दिवशी पाहिले त्याला कळले. जो सहा महिन्यांनी रुजू झाला त्याच्यासाठी तो गट म्हणजे गेलेल्या पुराचे पाणी. त्याला एक फाइल पाठवली जाते, तिचे नाव 'नवीन सुधारित अंतिम'. तिच्यावर तारीख नसते. सेवानिवृत्त अधिकाऱ्यांनी पदरचे श्रम घालून लिहिलेल्या पुस्तिका आहेत, त्या फार उपयोगी आहेत, आणि नवी पोरे खरी त्यांच्यावरच शिकतात. पण त्यांचीही चौथी झेरॉक्स फिरते तेव्हा मुखपृष्ठ आणि साल आधीच गळालेले असते. नियम चुकीचा असला तर निदान पकडता येतो. तारीख नसलेला नियम पकडायचा कसा?

ह्या बाबतीत नांदेडकरांना धडा घ्यायला दूर जायला नको. नांदेडला रेल्वेच्या विभागाचे मुख्यालय आहे. रेल्वेच्या सामान्य नियमांत असा एक नियमच आहे, की ज्याला नियमांचे पुस्तक दिले आहे त्याने ते कामावर असताना जवळ ठेवावे, निघालेली प्रत्येक दुरुस्ती त्यात करून घ्यावी, वरिष्ठाने मागितले की दाखवावे, आणि हरवले तर नवे घ्यावे. दुरुस्तीच्या चिठ्ठ्या निघतात, त्या डकवायच्या. तपासायला आलेला साहेब गाडीची वेळ विचारण्याआधी पुस्तक उघडून शेवटची चिठ्ठी डकवली आहे की नाही ते पाहू शकतो. कारण उघड आहे: तिथे जुना नियम वापरला तर दोन गाड्या एका रुळावर येतात आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत छापून येते. चावडीवर जुना नियम वापरला तर एक म्हातारा घरी परत जातो, आणि ते कुठेच छापून येत नाही.

गंमत अशी, की ही विद्या महसूल खात्याला कोणी शिकवायला नको. ते खाते ती रोज वापरते. हाताने लिहिलेला जुना सातबारा आठवा. जमीन विकली गेली म्हणून पहिल्या मालकाचे नाव कधी खरवडून काढीत नसत. त्याला कंस करीत, नवे नाव खाली लिहीत, आणि शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक. वाचणाऱ्याला आज कोण मालक हे कळे, काल कोण होता हेही कळे, आणि कोणत्या कागदाने बदल झाला तेही. शिकवण्याच्या पुस्तकाला ह्याहून वेगळे काय पाहिजे? '५० टक्के' ह्याला कंस करा, खाली '३३ टक्के' लिहा, शेजारी आदेशाचा क्रमांक नि तारीख. 'पूर्वपरवानगी' ह्याला कंस, खाली '४० पट', शेजारी २०१४. जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला जे मिळते ते पुस्तकातल्या प्रत्येक नियमाला मिळू द्या, एवढेच माझे मागणे आहे.

आणि कंसातले वाचता आलेच पाहिजे, कारण मराठवाड्यात कंसातले अजून जिवंत आहे. २०२३ च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांची समिती नेमली गेली आणि निजामकाळच्या कुणबी नोंदी शोधण्याचे काम निघाले, तेव्हा साऱ्यांना ते कळले. खासरा पत्रके, पाहणी पत्रके बाहेर निघाली. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. एरवी चहाच्या टपरीवर बसणारे जुने जाणते दोन महिने कचेरीचे जावई झाले. 'मदतमाश' म्हणजे माणसाच्या चरितार्थासाठी दिलेले इनाम आणि 'खिदमतमाश' म्हणजे देवस्थानाच्या किंवा मशिदीच्या सेवेसाठी दिलेले. पहिल्याचे नियम एक, दुसऱ्याचे दुसरे. हा फरक न समजता नोंद घेतली तर देवाची जमीन माणसाच्या नावावर चढते. फसली सालाचेही तसेच. हैदराबादच्या फसलीत साधारण ५९० मिळवले की इंग्रजी साल येते. १३५१ फसली म्हणजे १९४१-४२. उत्तरेकडच्या फसलीचा हिशेब दोन-अडीच वर्षांनी वेगळा आहे. मोबाईलवर शोधून सापडेल ते कोष्टक घेतले, तर आजोबा मेल्यानंतर त्यांनी खरेदीखत केल्यासारखे दिसेल.

शिवाय काही गोष्टी कोणत्याच छापील पुस्तकात येणार नाहीत, त्या सजाच्या वहीतच लिहायच्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. औसा तालुक्यात किल्लारीकडे रुजू होणाऱ्या मुलाचा जन्म कदाचित त्यानंतरचा असेल. जुने गावठाण कोणते, नवे कोणते, मधली जमीन कोणाकडून घेतली, हे त्याला पहिल्या आठवड्यात समजले नाही तर पुढची सगळी वर्षे तो लोकांना तेच विचारत राहील, आणि लोकांना ते पुन्हा सांगणे सोपे नसते.

हे सारे करायचे कोणी? तलाठ्याकडे दोन-चार गावे, वर निवडणुकीची कामे, अनुदानाच्या याद्या, आणि संगणक बंद पडला की शिव्याही त्यालाच. त्याला आणखी एक वही लिहायला सांगणे सोपे आहे, म्हणून मी सांगणार नाही. माझ्या मते हे काम तालुक्याला एका ठरलेल्या माणसाचे असावे, आणि त्याला ते दुसऱ्या कामातून सूट देऊन द्यावे. त्याचा मदतनीस मात्र नवखाच हवा. जुन्या माणसाला पुस्तकातली चूक दिसत नाही, कारण तो पुस्तक उघडतच नाही. त्याचे काम सवयीने चालते. नवा माणूस ओळ न्‌ ओळ धरून चालतो आणि जिथे ओळ शेताशी जुळत नाही तिथे अडतो. तो अडला ती जागा चुकीची. रुजू होऊन तीन महिने झाले की त्याला एकदा बसवून विचारावे, कुठे कुठे अडलास? सध्या त्याला विचारतात ते एवढेच, की कामे किती प्रलंबित आहेत.

एका सजावर दोन वर्षांपूर्वी रुजू झालेल्या एका मुलीने असे अडणे स्वतःच लिहून ठेवले आहे. शाळकरी वही, दोनशे पानी. डाव्या पानावर प्रश्न, उजव्या पानावर उत्तर, कोणी सांगितले, कोणत्या आदेशाने, आणि तारीख. मध्ये उत्तर बदलले तिथे तांबड्या शाईने कंस. मी म्हटले, "मॅडम, हा तुमचा सोळा नंबर." त्या हसल्या. खरा सोळा नंबर कपाटातून काढून दाखवला, तो कोरा होता. त्या म्हणाल्या, की ही वही माझी स्वतःची, सरकारी नव्हे. बदली झाली की मी ती बरोबर नेणार. मी चार्जाच्या यादीत पाहिले. तिथे लिहिले होते: गाव नमुना १६, नग एक.